ठेवपावती आणि कर्जरोखा

गतवर्षीं नववीच्या वर्गांत चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें चाललीं असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून शंका विचारली. त्याच्या वडिलांनीं बँकेंत १०,००० रुपये एक वर्षाच्या मुदतीनें ठेवले होते. व्याजाचा दर दरसाल दरशेंकडा ७ रुपये. फळ्यावरील रीतीप्रमाणें वर्षअखेर ७०० रुपये व्याज यावयास हवें. परंतु पावतीवर मुदतीअंतीं मिळणारी रक्कम १०,७१९ रुपये लिहिली होती. "बँक चुकली कीं आपण चुकलों?" असें त्यानें विचारतांच वर्गांत हंशा पिकला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता. आपल्याकडील बँका मुदतठेवीवरील व्याज बहुधा दर तीन महिन्यांनीं मुद्दलांत मिळवितात. म्हणजे वर्षांतून चार वेळां शेंकडा पावणेदोन रुपये या मानानें आकारणी होते, व एका तिमाहीच्या व्याजावर पुढील तिमाहींत पुन्हा व्याज चढतें. ते १९ रुपये यांतून आले. हीच ठेव पांच वर्षें ठेवली तर सरळव्याजानें १३,५०० रुपये, वार्षिक चक्रवाढीनें १४,०२६ रुपये व तिमाही चक्रवाढीनें १४,१४८ रुपये होतात. मुद्दल तेंच, दर तोच, मुदत तीच. आकारणीची रीत तेवढी निराळी.

शंका फिटली, पण विषय संपला नाहीं. त्याच विद्यार्थ्यानें पुढें विचारलें, "पण ही पावती म्हणजे नेमकें काय? बँकेनें पैसे परत दिलेच नाहींत तर?" या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अंकगणिताच्या पुस्तकांत नाहीं, आणि आमचा अनुभव असा कीं, पुष्कळ पालकांसहि तें सांगतां येत नाहीं. म्हणून या लेखाचा खटाटोप.

मध्यम स्थितींतील बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याची पेटी असते. तींत घराचें खरेदीखत, मुलांचे जन्माचे दाखले, विम्याचे कागद आणि सर्वांच्या खालीं बँकेच्या ठेवपावत्या व पोस्टाचीं बचतपत्रें असतात. क्वचित् एखाद्या कंपनीचा कर्जरोखाहि सांपडतो. या शेवटच्या तीन प्रकारच्या कागदांचें कूळ एकच आहे. "आपण आम्हांस अमुक रक्कम दिलीत, ती अमुक दिवशीं अमुक व्याजासह परत करूं," असें तें एक लेखी वचन असतें. मराठींत यास जुने शब्द रोखा व खत हे आहेत. तुकोबांनीं आपल्या वाट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. तीं खतें व ज्यांस हल्लीं आपण बाँड म्हणतों ते कागद यांची जात एकच. फरक एवढाच कीं, तेव्हां सावकार मोठा व ऋणको लहान असे. आतां तुमच्याआमच्यासारखा लहान मनुष्य सावकार होतो, आणि बँक, महानगरपालिका किंवा खुद्द भारत सरकार ऋणको होतें.

ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आपण पैसे बँकेंत "ठेवतों" असें म्हणतों, त्यामुळें तिजोरींत आपल्या नांवाची थैली निराळी बांधून ठेविली आहे असें वाटतें. वस्तुतः आपण ते पैसे बँकेस उसने दिलेले असतात. बँक ते दुसऱ्यास अधिक व्याजानें देते व मिळालेल्या व्याजाचा कांहीं भाग आपल्या हातावर ठेवते. जुना सावकार कर्ज देतांना कुळाची ऐपत पाही, तारण पाही, आणि खत आपल्या पेटींत पडल्यावांचून रुपयांची थैली सोडीत नसे. सावकार म्हणून त्याचें नांव कितीहि वाईट असो, ही त्याची तिहेरी खबरदारी मात्र आपण उचलण्यासारखी आहे. शुभवर्तमानांतील तीन चाकरांचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस चांगला परिचित आहे. धन्याचें द्रव्य ज्यानें जमिनींत पुरून ठेविलें त्यास, तें सावकारांकडे न ठेवल्याबद्दल, धनी बोल लावतो. परंतु कोणत्या सावकाराकडे ठेवावें हें त्या दृष्टांतांत सांगितलेलें नाहीं. तें ज्याचें त्यानें शोधावयाचें आहे.

प्रथम ऐपत. बँकेची ऐपत साध्या ठेवीदारानें ओळखावी कशी? खरें सांगावयाचें तर त्यास ती ओळखतां येत नाहीं, आणि हा अनुभव विदर्भानें पूर्वींच घेतलेला आहे. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्याच सालीं अकोल्याची लक्ष्मी बँकहि बुडाली. या दोन बँकांच्या पतनानें देशभर ठेवीदारांत घबराट पसरली व १९६१ सालीं संसदेनें ठेवींच्या विम्याचा कायदा केला. १ जानेवारी १९६२ पासून, बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत भरपाई मिळूं लागली. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ सालीं १ लक्ष रुपये व ४ फेब्रुवारी २०२० रोजीं ५ लक्ष रुपये झाली. विम्याचा हप्ता बँकेनें भरावयाचा असतो. ठेवीदारास कांहीं द्यावें लागत नाहीं.

या पांच लाखांविषयीं दोन गैरसमज आमच्या कानांवर वारंवार येतात. पहिला असा कीं, सीताबर्डीच्या शाखेंत पांच लक्ष व धरमपेठेच्या शाखेंत पांच लक्ष ठेवले म्हणजे दहा लाखांचा विमा झाला. बँक एकच असेल तर एका नांवावरील सर्व शाखांतील ठेवींची बेरीज केली जाते, व तिच्यांत मुद्दलाबरोबर व्याजहि धरलें जातें. तेव्हां पूर्ण पांच लक्ष एकाच बँकेंत ठेवणाराचें व्याज विम्याच्या बाहेर राहतें. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. चौकाचौकांत ज्या पतसंस्था दिसतात त्यांसहि लोक सरसकट बँक म्हणतात. त्यांच्या ठेवींस हा विमा नाहीं. पतसंस्था वाईट असतात असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कित्येकांचा कारभार चोख आहे. परंतु ती जेव्हां अर्धा-एक टक्का व्याज अधिक देऊं करते, तेव्हां हा अर्धा टक्का कशाचा मोबदला आहे हें ठेवीदारास माहीत असावें.

येथें एका नांवाचा घोंटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेंत बँकेच्या साध्या मुदतठेवीस सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणतात, व तिकडील पुस्तकें वाचणारे मोठ्या वर्गांतील विद्यार्थी आपल्याकडेहि तें मागावयास जातात. आपल्या देशांत त्या नांवाचें ठेवपत्र १९८९ सालीं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनें सुरू झालें खरें, पण तें मोठ्या व्यापाराचें साधन आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें त्याची किमान रक्कम ५ लक्ष रुपये असून बँकेच्या ठेवपत्राची मुदत ७ दिवसांपासून एका वर्षापर्यंत असते. तें मुदतीपूर्वीं बाजारांत दुसऱ्यास विकतां येतें. आपली मुदतठेव दुसऱ्यास विकतां येत नाहीं. मात्र अडीअडचणीस ती मोडतां येते, किंवा तिच्यावर कर्ज काढतां येतें. लहान माणसास हीच सोय अधिक उपयोगी.

पोस्टाचीं बचतपत्रें हीं सर्वांत सुरक्षित, कारण त्यांतील वचन प्रत्यक्ष भारत सरकारचें. आपल्याकडे दामदुप्पट हा शब्द फार जुना आहे. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये असा तो सावकारास घातलेला निर्बंध होता. १९८८ सालीं निघालेलें किसान विकासपत्र त्याच शब्दावर उभें आहे. येथें मात्र दुप्पट घेणारे आपण! १ एप्रिल २०२३ रोजीं त्याचा दर शेंकडा ७.५ ठरला व रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होईल असें जाहीर झालें. विद्यार्थ्यांनीं हा आंकडा पडताळून पाहावा. ७२ या संख्येस व्याजाच्या दरानें भागिलें म्हणजे पैसा दुप्पट होण्यास लागणारीं वर्षें अजमासें निघतात. ७२ भागिलें ७.५ म्हणजे ९.६ वर्षें, अर्थात् ११५ महिन्यांहून किंचित् अधिक. हा ७२ चा ठोकताळा खिशांत बाळगण्याजोगा आहे, विशेषतः कोणी तीन वर्षांत दामदुप्पट देऊं लागला तर. कारण ७२ भागिलें ३ म्हणजे शेंकडा २४, आणि इतकें व्याज देऊन कोणता सचोटीचा धंदा चालतो हें त्यासच विचारावें. विकासपत्राचा दर सरकार वेळोवेळीं बदलतें. परंतु घेतलेल्या पत्रास घेतल्या दिवशींचाच दर शेवटपर्यंत लागू राहतो. १,००० रुपयांपासून तें मिळतें, आणि दहा वर्षांवरील मुलास स्वतःच्या नांवानेंहि घेतां येतें. पूर्वीं त्याचा छापील कागद मिळे. २०१६ सालापासून त्याऐवजीं पासबुकांत नोंद होते.

आतां कर्जरोखा. सरकारला किंवा कंपनीला दहा, वीस, तीस वर्षांसाठीं मोठी रक्कम हवी असते. ती शंभर शंभर रुपयांच्या किंवा अधिक रकमेच्या तुकड्यांत वांटून लोकांकडून घेतात व प्रत्येक तुकड्यावर ठराविक व्याज देतात. ठेव व रोखा यांतील मोठा भेद असा कीं, रोखा बाजारांत विकतां येतो, आणि म्हणून त्यास भाव असतो. समजा, आपणांजवळ शंभर रुपयांचा, शेंकडा ७ व्याजाचा, दहा वर्षांचा सरकारी रोखा आहे. उद्यां सरकारनें तसाच नवा रोखा ८ टक्क्यांनीं काढला, तर आपला ७ टक्क्यांचा रोखा पुऱ्या शंभरास कोण घेईल? गणित केलें असतां त्याची योग्य किंमत सुमारें ९३ रुपये २९ पैसे येते. उलट नवा दर ६ वर उतरला तर तोच रोखा १०७ रुपये ३६ पैशांस जाईल. दर वर गेला कीं जुना रोखा खालीं, दर खालीं आला कीं जुना रोखा वर, अशी ही तराजूची दोन पारडीं आहेत. मुदत संपण्यास एकच वर्ष उरलें असेल तर मात्र ८ टक्क्यांच्या दिवसांतहि भाव ९९ रुपये ७ पैशांच्या खालीं जात नाहीं. म्हणून ज्या पैशाची गरज दोन वर्षांनीं मुलीच्या शिक्षणास लागणार आहे तो वीस वर्षांच्या रोख्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे. रोखा बुडणार नाहीं, पण नेमका गरजेच्या दिवशीं त्याचा भाव पडलेला असेल. अखेरपर्यंत धरून बसणारास या चढउतारांची झळ नाहीं. त्यास शंभराचे शंभर मिळतातच.

तारण म्हणजे काय हें समजण्यास आपलें शहरच उदाहरणास घेऊं. २००१ सालीं नागपूर महानगरपालिकेनें पाणीपुरवठ्याच्या कामासाठीं ५० कोटि रुपयांचे रोखे काढले. व्याज शेंकडा १३. फेडीसाठीं मालमत्ताकर व पाणीपट्टी यांचें उत्पन्न निराळें काढून ठेवावयाचें होतें. म्हणजे आपण नळाचें पाणी पिऊन जी पट्टी भरतों, तीच त्या रोख्यामागची हमी. नाशिकनें १९९९ सालीं १०० कोटींचे रोखे १४.७५ टक्क्यांनीं काढले, तर पुणें महानगरपालिकेस २०१७ सालीं २०० कोटि रुपये ७.५९ टक्क्यांनीं मिळाले. यावरून पुण्याची पत नाशिकच्या दुप्पट ठरली असें कोणीं समजूं नये. मधल्या काळांत देशांतील व्याजाचे दरच उतरले होते. कोणत्याहि रोख्याचा दर चांगला कीं वाईट हें त्याच दिवशींच्या सरकारी रोख्याशीं ताडून पाहिल्यावांचून कळत नाहीं. सरकारहून जितकें व्याज अधिक, तितकी ऋणकोच्या वचनाविषयीं बाजाराला शंका अधिक, असा त्याचा अर्थ.

ऐपत व तारण यांविषयीं इतकें पुरे. तिसरी खबरदारी, खत हातांत आल्याखेरीज थैली न सोडण्याची, ही सर्वांत सोपी दिसते व तीच लोक सर्वांत अधिक विसरतात. तिच्यासंबंधीं सांगावयाची हकीकत आमच्याच जिल्ह्याची आहे, आणि ती सांगतांना आम्हांस संकोच होतो. परंतु ती दडवून हा विषय शिकवितां येणार नाहीं.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही शेतकऱ्यांस पीककर्ज देणारी व खेड्यापाड्यांतील माणसांच्या ठेवी सांभाळणारी संस्था. २००१-०२ च्या सुमारास तिनें आपल्याजवळील सुमारें दीडशें कोटि रुपये सरकारी रोख्यांत घालण्यासाठीं दिले. येथवर कोणासहि दोष काढतां येणार नाहीं. सरकारी रोख्याइतका निर्धास्त ऋणको देशांत दुसरा नाहीं. परंतु हे रोखे होम ट्रेड व आणखी कांहीं खासगी दलाल कंपन्यांच्या मार्फत घ्यावयाचे होते. होम ट्रेड ही त्या दिवसांत मोठ्या नांवारूपाची कंपनी. प्रख्यात क्रिकेटपटु व चित्रपटांतील नट तिच्या जाहिरातींत झळकत. बँकेचे पैसे दलालांकडे गेले. रोखे मात्र बँकेकडे आले नाहींत, आणि पैसेहि परत आले नाहींत. २००२ सालीं हें सर्व उघडकीस आलें. वर्धा व तेव्हांच्या उस्मानाबाद येथील जिल्हा बँका, तसेंच खलाशांचा भविष्यनिर्वाह निधि, हेहि याच होम ट्रेडच्या व्यवहारांत पोळले.

या हकीकतीचें मर्म नीट ध्यानांत घ्यावें. सरकारनें आपल्या रोख्यांवरील व्याजाचा एकहि हप्ता चुकविला नव्हता. ज्या रोख्यांचीं नांवें त्या व्यवहारांत होतीं त्यांची ऐपत निर्विवाद होती. फक्त ते रोखे बँकेच्या मालकीचे कधीं झालेच नाहींत. दलालानें दिलेली चिठ्ठी म्हणजे रोखा नव्हे. ती फार तर "मी रोखा आणून देईन" असें दलालाचें वचन असतें, व मग ऐपत पाहावयाची ती सरकारची नव्हे, दलालाची. बँकेनें भारत सरकारला कर्ज देत आहों असें समजून एका कंपनीस कर्ज दिलें, असा याचा अर्थ झाला.

त्याच सालीं रिझर्व्ह बँकेनें सहकारी बँकांस सरकारी रोखे बिनकागदी खात्यांतच ठेवण्याचा दंडक घातला, म्हणजे रोखा कोणाच्या नांवावर आहे याची नोंद तात्काळ पाहतां यावी. खटला मात्र रेंगाळला. नागपूरच्या न्यायालयानें २२ डिसेंबर २०२३ रोजीं बँकेचे तत्कालीन अध्यक्ष व दलाल यांच्यासह सहा जणांस दोषी ठरवून पांच वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पुढें त्या निकालावर अपीलहि झालें. २००२ सालीं पहिलीच्या वर्गांत बसलेलें शेतकऱ्याचें मूल या निकालाच्या दिवशीं सत्तावीस वर्षांचें झालें होतें.

मोठ्या बँकेची ही गत, तर साध्या गृहस्थाची कथा काय सांगावी! २०१३ व २०१४ या दोन वर्षांत आमच्या शहरांत खासगी गुंतवणूक-मंडळ्यांचा जो बोजवारा उडाला, त्यांत निवृत्त शिक्षक, कारकून व विधवा स्त्रिया यांचेहि आयुष्याचे पैसे अडकले. ठेवीदारांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रानें १९९९ सालीं केलेला कायदा अशा वेळीं लागू होतो. आरोपींची मालमत्ता जप्त करून विकतां येते. परंतु जप्तीचा पैसा ठेवीदाराच्या घरीं पोंचण्यास किती वर्षें लागतात हें ज्यांवर प्रसंग गुदरला त्यांसच विचारावें.

सरकारी रोखा घेण्यास आतां दलालाची गरज उरलेली नाहीं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनें साध्या माणसास आपल्याकडे थेट खातें उघडण्याची सोय केली आहे. किमान १०,००० रुपयांचा रोखा घेतां येतो, खातें उघडण्यास पैसे पडत नाहींत, व रोख्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्याच वहींत आपल्या नांवानें होते. संविधान चौकांतून जातांना जी रिझर्व्ह बँकेची इमारत दिसते तिच्यांत आंत जाण्याचीहि जरूर नाहीं. सर्व काम घरबसल्या संगणकावर होतें. ९१, १८२ व ३६४ दिवसांच्या सरकारी हुंड्याहि याच खात्यांत घेतां येतात. कंपन्यांचे रोखे घ्यावयाचे तर ते डीमॅट खात्यांत जमा होतात. पैसे दिल्यावर कांहीं दिवसांत तें खातें उघडून, रोख्याचें नांव व संख्या आपण स्वतः पाहावी, दलालाच्या शब्दावर राहूं नये.

पेटींतील जुन्या कागदांविषयीं एक सूचना राहिली. ठेवपावतीवर किंवा पासबुकांत वारसाचें नांव नोंदविलेलें आहे कीं नाहीं हें पालकांनीं या सुटींत पाहून घ्यावें. आजोबांच्या नांवची पावती घरांत कोणासहि ठाऊक नसते, असें पुष्कळ घरीं घडतें. दहा वर्षें कोणीं न मागितलेली बँकेंतील ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निराळ्या निधींत जमा केली जाते. परंतु ती बुडत नाहीं, खऱ्या वारसानें आपल्या बँकेकडे केव्हांहि मागितली तरी व्हावयाची ती मिळते. अशा ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं ‘उद्गम’ या नांवाचें संकेतस्थळ उघडलें असून त्यावर नांव घालून अनेक बँकांत एकदम शोध करतां येतो. नववींतल्या आमच्या त्या शंकेखोर विद्यार्थ्यानें हें ऐकतांच घरीं जाऊन पेटी उपसली. आजोबांची ठेव कांहीं निघाली नाहीं. पण वडिलांच्या १०,७१९ रुपयांच्या पावतीवर वारसाची जागा कोरी होती, ती दुसऱ्याच दिवशीं बँकेंत जाऊन त्यांनीं भरून घेतली.